देवराईचा चित्रोत्सव गावात कसा भरवावा

पहिला नियम आधी गावासमोर ठेवा, आणि तो पाळणं जमणार नसेल तर हा खटाटोप करूच नका: देवराईत चित्र काढायचं नाही. खोडावर रंग नाही, फांदीला झुंबर नाही, खिळा नाही, फलक नाही, दिव्यांची माळ तर नाहीच. बघायचं राईत, काढायचं गावात. चित्रं भिंतीवर, खळ्यात, कापडावर, कागदावर असतील आणि राई आदल्या दिवशी होती तशीच दुसऱ्या दिवशी असेल. हौशी मंडळी सर्वात आधी झाडं रंगवायलाच निघतात, म्हणून हे सुरुवातीला सांगितलं.

असा उत्सव कशासाठी? देवराई गावात सगळ्यांना माहीत असते आणि बघितलेली फारच थोड्यांनी असते. देवाच्या नावाने राखलेला हा जंगलाचा तुकडा. कुठे देवराई म्हणतात, कोकणात देवरहाटी किंवा नुसती रहाटी. कुऱ्हाड लावायची नाही, कित्येक ठिकाणी पडलेलं लाकूडही उचलायचं नाही, या रिवाजावर ती टिकली. पश्चिम घाटातल्या अशा राया १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी गावोगाव फिरून नोंदल्या, तेव्हा आजूबाजूचे डोंगर उघडे पडलेले असताना या तुकड्यांत जुनी झाडं उभी असल्याचं त्यांनी अभ्यासकांसमोर आणलं. आज रिवाज सैल झालाय. राईला धोका नेहमी बाहेरच्या ठेकेदाराकडूनच असतो असं नाही. बऱ्याचदा तो गावाच्या भक्तीतूनच येतो. उघड्यावरच्या पाषाणाला स्लॅबचं देऊळ हवं, पुढे मंडप हवा, मंडपाला फरशी हवी, गाडी थेट दारात यायला हवी. जागेसाठी झाडं जातात, कधी खर्चासाठीही जातात. अशी बैठक होते तेव्हा ‘त्या कोपऱ्यात सातवीण आहे, तिच्या ढोलीत धनेश बसतो’ हे सांगणारी चार माणसं तिथे असावीत. ती माणसं तयार करणं हे या उत्सवाचं खरं काम. चित्र हे त्याचं निमित्त.

हा लेख रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यावाड्यांचं गाव डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. मावळ, मुळशी, भोर, आंबेगाव, जुन्नर इथल्या रायांना थोडेफार बदल करून तो चालेल.

राई कोणाची, आणि मान कोणाचा

दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्हींची उत्तरं सुरुवातीलाच हवीत.

पहिल्याचं उत्तर सातबाऱ्यावर मिळतं. तलाठ्याकडून राईच्या गट नंबरांचा उतारा काढा. कुठे देवाचं नाव असतं, कुठे महाराष्ट्र शासन, कुठे वन विभाग, कुठे देवस्थान समिती, आणि कुठे एखाद्या घराण्याची खाजगी मालकी. वन विभागाची जमीन असेल तर शाळेची पोरं घेऊन जाण्याआधी वनरक्षकाला कळवा आणि परिक्षेत्र कार्यालयाला साधं पत्र द्या. खाजगी असेल तर मालकाची संमती लेखी घ्या. उतारा काढण्याचा आणखी एक फायदा होतो: राईचं क्षेत्र कागदावर किती आणि जाग्यावर किती उरलंय, हे गावाला पहिल्यांदाच कळतं. तो आकडा लिहून ठेवा, पुढे नकाशाच्या वेळी लागेल.

दुसऱ्याचं उत्तर उताऱ्यावर नसतं. मानकरी, गुरव, गावकार यांच्याकडे आधी जा, ग्रामपंचायतीत नंतर. हा क्रम उलटा झाला की चांगलं काम रुसव्याफुगव्यात अडकतं. काही गावांत देवाला कौल लावतील. लावू द्या, आणि तेवढे दिवस थांबा. काम सुरू होण्याआधी राईच्या तोंडाशी गाऱ्हाणं घालायला सांगा. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून गाऱ्हाणं सुरू झालं आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं की ते काम गावाचं होतं. छापील निमंत्रणपत्रिकेने तेवढं साधत नाही.

काही राईंत बायकांना आत जायला मनाई असते, काही ठिकाणी ठरावीक दगडापलीकडे कोणीच जात नाही. यावर तिथल्या तिथे वाद घालू नका, पण तो विषय गिळूनही टाकू नका. महिला ग्रामसभेत मांडा, निर्णय गावाला घेऊ द्या. तोवर सगळेच, म्हणजे पुरुषही, कडेवरून बघतील असं ठरवणं मला जास्त बरं वाटतं. राईच्या कडेला काय कमी असतं? रानभाज्या, कंद, औषधी पाला यांची माहिती बहुतेक गावांत बायकांकडेच जास्त सापडते.

मग ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ती होतेच. १५ ऑगस्टची सोयीची. ठराव एका ओळीचा पुरे: अमुक राईची चित्रं आणि नावं गोळा करण्याचं काम गाव हाती घेत आहे, आणि राईत कोणताही रंग, खिळा, वीज, ध्वनिक्षेपक नेला जाणार नाही.

केव्हा काय करायचं

गणपतीला चाकरमानी येतात. बोलणी तेव्हा उरका. वर्गणीही तेव्हाच, आरतीनंतर. फेऱ्या दसऱ्यानंतर, भात कापून घरात आलं की. भिंती नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर, कारण पावसाची ओल तोवर बाहेर पडते. उत्सव जत्रेला जोडा. कोकणात कार्तिकापासून माघापर्यंत जत्राच जत्रा असतात, वेगळी तारीख शोधायला नको आणि वेगळं जेवणही नको.

फेब्रुवारीनंतर राईत गर्दी नको. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार मातीने-विष्ठेने लिंपून फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. मेपर्यंत हे चालतं. नर बिचकला की आतल्यांची उपासमार. त्यामुळे ‘शिमग्याला करू’ हा प्रस्ताव आला तर नम्रपणे मोडून काढा.

बघण्याच्या फेऱ्या

या टप्प्याला सर्वात जास्त वेळ द्या. इथे घाई केली तर शेवटी भिंतीवर कुठलंही झाड, कुठलाही पोपट आणि मागे दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य येतो. तो सूर्य आपल्या गावात तसा उगवत नसला तरी.

आठ-दहा जणांच्या वर एका फेरीत नकोत. त्यात एक जाणता (गुराखी, वैदू, गुरव, रानात फिरलेला कोणी आजोबा किंवा आजी), दोन तरुण आणि बाकी पोरं. सकाळी उजाडल्यावर तासाभराने निघा. उन्हाची तिरीप आत येते तेव्हा वेली आणि खोडांची सालं नीट दिसतात.

अनेक राईंत पायताण चालत नाही. अनवाणी जायचं तर मळलेली वाटच धरा, दगडावर बसण्याआधी काठीने चाचपा. फुरसं हा विषारी साप पाचोळ्यात दिसत नाही. याच दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा पिकतात, त्यांची लव उडाली तरी अंग पेटतं. बिब्ब्याच्या फळाला हात लावू देऊ नका, त्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात. आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, ढोल यांपैकी काहीच त्या बाजूला नको.

आत गेल्यावर काय करायचं? तीन-चार गोष्टी सांगतो, सगळ्या एकाच दिवशी करू नका.

पहिली, नुसतं बसायचं. दहा मिनिटं डोळे मिटून. पोराच्या मांडीवर कागद, मध्यभागी एक फुली म्हणजे ते स्वतः. आवाज ज्या दिशेने आला तिथे खूण करायची: टकटक, सळसळ, शेकरूची खरखर, लांबची एसटी. हा आवाजाचा नकाशा. दोन पोरांचे नकाशे शेजारी ठेवले की बोलणं आपोआप सुरू होतं.

दुसरी, पानाचा ठसा. खाली पडलेलं पान, शिरांची बाजू वर, त्यावर पातळ कागद, कोळशाच्या किंवा मेणखडूच्या आडव्या कडेने हलके घासायचं. ठसा घेतला की पान तिथेच. झाडावरचं पान तोडायचं नाही. कागद नवा घेण्याची गरज नाही, शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिकांची मागची बाजू चालते. पोरांना त्यातही सूड घेतल्याचा आनंद मिळतो.

तिसरी, झाडाचा घेर. जमिनीपासून १.३ मीटरवर, म्हणजे साधारण मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, सुंभाची दोरी फिरवा. तळाशी फळ्यांसारखी मुळं पसरली असतील तर त्यांच्या वर मोजा. दोरीला गाठ मारा, चिठ्ठी बांधा: झाडाचं नाव, कोणत्या बाजूला आहे. दोरी घरी आणा. हिचा उपयोग पुढे खळ्यात होणार आहे.

चौथी, चित्रासाठी टिपणं. पूर्ण झाड काढायला सांगू नका, ते कोणालाच जमत नाही आणि सगळे हिरमुसतात. एकाने फक्त खोड, एकाने फक्त फांद्यांची वळणं, एकाने फक्त वेलीचा पीळ. गारंबीची वेल असेल तर तिच्यासाठी एक अख्खी फेरी द्या. मांडीएवढी जाड वेल झाडाझाडांतून झोके घेत जाते आणि हातभराहून लांब शेंगा लोंबतात. तो आकार डोक्यातून काढता येत नाही, समोर बसूनच काढावा लागतो. भेरली माड, किंजळ, सुरंगी, सीताअशोक, आंबा, उंबर, प्रत्येकाची उभं राहण्याची ढब वेगळी. ती हाताला कळली की पानं चुकली तरी झाड ओळखू येतं.

नावांची वही

फेऱ्यांच्या बरोबरीने एक दोनशे पानी वही चालवा. एका पानावर एक झाड, वेल, पक्षी किंवा जागा. वाडीत ज्या नावाने बोलतात ते नाव आधी, पुस्तकातलं नाव नंतर आणि तेही कोणाला खात्रीने माहीत असेल तरच. एकाच झाडाला वरच्या वाडीत एक आणि खालच्या वाडीत दुसरं नाव निघालं तर दोन्ही लिहा. कोणी सांगितलं, केव्हा सांगितलं, हेही लिहा.

म्हाताऱ्या माणसांना ‘राईची माहिती सांगा’ असं विचारलं की ती देवाच्या चमत्कारांवर जातात. प्रश्न छोटे ठेवा. लहानपणी राईच्या कुठल्या झऱ्याचं पाणी प्यायचात? गुरं कुठवर जायची? कुठलं झाड वादळात पडलं, मग त्याचं काय केलं? पडलेलं झाड कोणी नेलं नाही आणि ते तिथेच कुजलं, ही हकिकत चित्रासाठी सोन्यासारखी असते. कुजलेल्या ओंडक्यावर काय काय उगवलं ते पोरं बघून येतात.

औषधांच्या बाबतीत हात आखडता घ्या. वैदूने विश्वासाने सांगितलेलं औषध आणि त्याचं प्रमाण भिंतीवर रंगवायचं नाही. ते ज्ञान त्याचं आहे, आणि अर्धवट वाचून कोणी पाला उकळून प्यायला तर निस्तरणार कोण?

कोणत्या शैलीत काढायचं

इथे माझं मत जरा कडक आहे. गावाकडचं चित्र म्हटलं की आज शाळा, बसस्टॉप, रेल्वे स्थानक सगळीकडे वारलीच दिसते: तीच त्रिकोणी माणसं, तोच तारप्याचा गोल. वारली चित्रं मुळात पालघर-डहाणू भागातल्या वारली घरांतली, लग्नाच्या चौकात सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढलेली, पालघट देवीला बोलावणारी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर-कापडावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुमचं गाव त्या पट्ट्यात असेल तर वारलीच काढा आणि वारली चित्रकारांकडूनच काढून घ्या. नसेल तर आपल्या भागात काय आहे ते आधी बघा.

सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. सुट्ट्या कागदांवरची चित्रं एका गोष्टीच्या क्रमाने लावलेली असतात, त्या संचाला पोथी म्हणतात. कलाकार एकेक चित्र पुढे धरून गात-सांगत जातो. ही कला टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. देवराईसाठी याहून सोयीचा साचा मला सुचत नाही. गावाने राईची पोथी करावी: एका पानावर झरा, एकावर पडलेलं झाड, एकावर गारंबी, एकावर धनेशाची ढोली, एकावर देवाचा पाषाण. प्रत्येक पान वेगळ्या घरातलं, सगळ्यांचा आकार एकच (अर्धा कार्डशीट चांगला). आणि पान दाखवताना सांगणारं माणूस ते, ज्याने ती हकिकत वहीत सांगितली. चित्र थोडं कच्चं असलं तरी चालतं, सांगणारा पक्का असतो. शिकवायला कलाकार बोलावलात तर मानधन द्या, जाण्यायेण्याचा खर्च द्या, आणि ते आधी ठरवा. शाल-श्रीफळ हे मानधन नव्हे.

कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांवर कावीचं काम दिसतं: चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर, तो ओलसर असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेली, पानं, पक्षी यांना हे तंत्र फार शोभतं. पण ते एका आठवड्यात शिकून भिंतीवर जायचं काम नाही. फूटभर चौकोनी तुकड्यांवर सराव करा. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याचे, म्हणजे सोंगांच्या उत्सवाचे, मुखवटे आहेत, तिथल्या गावांनी राईतले प्राणी मुखवट्यांत आणावेत. आणि काहीच परंपरा सापडली नाही तर? रांगोळी तर प्रत्येक दारात आहे.

रंग

दुकानातून आणायचे दोन, गेरू आणि चुना. बाकी घरात किंवा बाजारात मिळतात. राईतून काहीही आणायचं नाही, हिरडासुद्धा वाण्याकडूनच.

पांढरा: तांदूळ चार-पाच तास भिजवून गंधासारखा बारीक वाटायचा, त्यात पाण्यात विरघळवलेला बाभळीचा डिंक थोडा. डिंक जास्त झाला तर वाळल्यावर खपल्या निघतात. मातीच्या भिंतीसाठी हा उत्तम, सिमेंटवर टिकत नाही. ब्रश म्हणून बांबूची काडी टोकाला ठेचून घ्या.

तांबडा: गेरू पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळून. न गाळता लावला तर खडे भिंतीवर रेघा ओढतात.

काळा: बारीक काम आणि कागदासाठी हिरड्याची शाई करा, करताना पोरांना मजा येते. बरणीत मूठभर गंजके खिळे, पाणी आणि गुळाचा खडा टाकून दोन-तीन आठवडे ठेवा. आत वायू धरतो, म्हणून झाकण सैल. वेगळ्या भांड्यात वाळलेला हिरडा जाडसर कुटून रात्रभर भिजवा, मग पाणी निम्मं होईतो उकळून गाळा. या काढ्यात खिळ्यांचं गाळलेलं पाणी थेंबथेंब सोडलं की पिवळट काढा डोळ्यांदेखत काळा पडतो. त्यात थोडा डिंक. कागदावर पहिल्यांदा राखाडी दिसते, दुसऱ्या दिवशी गडद होते. कपड्यावर पडली तर डाग निघत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. गाळून वापरायची आणि उरलेली लवकर संपवायची, नाहीतर बुरशी येते.

पिवळा: हळद लावाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. उन्हात ती पंधरवड्यात फिकी पडते, आणि चुन्याच्या भिंतीवर ती पिवळी राहतच नाही, लाल होते. घरी कुंकू करायचं ते याच गुणावर. मुद्दाम वापरलंत तर छान: पिवळं फूल, चुन्याच्या पाण्याचा ब्रश फिरला की लाल पाकळ्या. टिकाऊ पिवळा हवा असेल तर पिवळी माती शोधा, पाखाडीच्या कडेला किंवा विहिरीच्या खणतीत बहुधा सापडते.

चुना भिजवताना उकळ्या फुटतात आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर इजा होते. ते काम मोठ्यांनी, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालून करायचं. पोरांच्या हाती निवलेला, गाळलेला चुनाही देऊ नका.

शाळेची किंवा ग्रामपंचायतीची भिंत सिमेंटची असेल तर नैसर्गिक रंगांचा हट्ट सोडा. प्राइमर आणि बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग घ्या, नाहीतर पहिल्या पावसात सगळं गटारात जाईल. दोन हात द्यायचे तर १ लिटरमध्ये साधारण ५० ते ६० चौरस फूट होतं, यावरून हिशेब करा. गिलावा नवा असेल तर किमान चार आठवडे थांबा. ओल्या भिंतीवर काढलेलं चित्र फुगून सुटतं.

वाड्यांची वाटणी आणि खळं

एकाच मोठ्या भिंतीवर सगळं गाव रंगवायला बसलं की पाच जण रंगवतात आणि पन्नास जण सूचना करतात. त्यापेक्षा वाडीला एकेक विषय द्या: एका वाडीकडे शेंड्याचा मजला म्हणजे उंच झाडं आणि धनेश, दुसरीकडे वेली, तिसरीकडे जमिनीवरचा पाचोळा, बुरशी, किडे, चौथीकडे पाणी. कोणाला उंच झाडं मिळाली यावरून थोडी कुरबुर होईल, चिठ्ठ्या टाका. पाचोळ्याची वाडी शेवटी बाजी मारून जाते, कारण त्यांना जवळून बघावं लागतं.

घेराच्या दोऱ्या आता बाहेर काढा. सारवलेल्या खळ्यात प्रत्येक दोरीएवढं वर्तुळ रांगोळीने काढायचं, खऱ्या मापाचं. घेराला ६.२८ ने भागलं की त्रिज्या मिळते: १९ फुटांचा घेर असेल तर साधारण ३ फूट. मधोमध खुंटी ठोका, तेवढ्या लांबीची दोरी बांधा, दुसऱ्या टोकाला रांगोळीची पुडी धरून गोल फिरा. वर्तुळाच्या आत त्या झाडाच्या सालीची नक्षी, पानाचा ठसा, नाव. गणित पाचवी-सहावीच्या पोरांकडून करून घ्या. दारात खऱ्या मापाचा आंबा उमटला की म्हातारी माणसं वर्तुळात उभी राहून बघतात आणि नवी झाडं आठवायला लागतात. वही जवळ ठेवा.

गावात जागा असेल तर एका मोठ्या मळ्यात किंवा शाळेच्या मैदानात ही सगळी वर्तुळं राईतल्या जागेप्रमाणे मांडता येतात. मग सातबाऱ्यावरच्या क्षेत्राचा आकडा आणि आज उरलेली हद्द अशी दोन कुंपणं वेगवेगळ्या रंगांत आखा. त्यावर भाषण करायची गरज नाही, लोक स्वतःच मधल्या पट्ट्यातून चालून बघतात.

उत्सवाच्या दिवशी

सकाळी गाऱ्हाणं, मग पोथीचं सांगणं, दुपारी खळी बघत वाडीवाडीतून फेरी, रात्री नाटक. बस्स. पाहुण्यांची भाषणं पोथीच्या आधी ठेवलीत तर पोथीपर्यंत कोणी उरत नाही.

रात्रीच्या दशावतारात आयतं बसणारं काम आहे. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरलेलं असतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. जत्रेला येणाऱ्या कंपनीच्या मालकाला आदल्या आठवड्यात भेटा, नावांच्या वहीतली यादी आणि दोन-तीन हकिकती द्या. राक्षस वनात शिरतो तेव्हा त्याच्या तोंडी गावच्याच झाडांची नावं आली की समोर बसलेल्यांत जी कुजबुज उठते ती ऐकण्यासारखी असते. रत्नागिरीकडे हेच नमन आणि जाखडी या तिथल्या लोककलांत करता येईल. ध्वनिक्षेपकाची तोंडं राईकडे वळवलेली नाहीत एवढं स्वतः जाऊन बघा.

कमानीला फ्लेक्स लावायला कोणीतरी येईलच, त्यावर राईपेक्षा मोठे चेहरे असतील. मांजरपाटाच्या कापडावर गेरूने लिहिलेला फलक आधीच बांधून टाका, जागाच उरू देऊ नका.

काय दाखवायचं नाही

चित्रं मोबाइलवरून बाहेर जाणार, हे धरून चाला. नरक्या आणि सीताअशोक यांसारख्या झाडांची औषधासाठी चोरून तोड होते. ती चित्रात येऊ द्या, पण नकाशावर त्यांची जागा दाखवू नका. धनेशाची ढोली, दुर्मीळ आमरी (ऑर्किड) यांचंही तसंच. फोटो टाकताना फोनमधलं ठिकाण बंद करा. पोथीत ढोली ‘राईत एका ठिकाणी’ असते, गावाला ठिकाण माहीत असतंच.

नंतरची कामं

रांगोळी दोन दिवसांत पुसते, गेरूची भिंत पावसापर्यंत. तशीच जाऊ द्या, पुढच्या वर्षी दुसऱ्या वाडीकडे दुसरा विषय जाईल. टिकवायची आहे ती पोथी आणि वही. पोथीच्या पानांमध्ये साधा कागद घालून, कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवून पत्र्याच्या पेटीत बंद करा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी उघडा. प्रत्येक पानाचा स्वच्छ उजेडात फोटो काढून शाळेत आणि पंचायतीत एकेक प्रत ठेवा.

जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच गावांत ही नोंदवही कोणीतरी बाहेरून येऊन भरून गेलेलं असतं आणि कपाटात असते. ती मागून घ्या, तुमच्या वहीशी ताडून बघा आणि राहिलेली नावं, झरे, जुनी झाडं समितीच्या बैठकीत तीत घालून घ्या. वैदूची माहिती घालायची की नाही, हे त्याला विचारून.

वर्गणीचा हिशेब उत्सवानंतरच्या आठवड्यात सूचना फलकावर लावा, उरलेले पैसे कोणाकडे आहेत त्या नावासकट. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आणखी एक ठराव घ्या: राईच्या हद्दीत देऊळ, मंडप, रस्ता, पाण्याची टाकी असं काहीही बांधण्याचा विषय आला, तर निर्णयाआधी पोथी आणि नावांची वही सभेत आणून त्या जागेवरची पानं वाचून दाखवली जातील. पेटीची किल्ली कोणाकडे राहील, तेही त्याच ठरावात लिहा. दोन किल्ल्या करा, एक मानकऱ्याच्या घरी आणि एक शाळेत.